गोमाची हाक

अंबरनाथ, ५ मार्च २०२४

सुंदरामावशी, चांगोचा तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी नीट पोहोचलो. वाडीवरून उतरताना मूळगावपर्यंत चालत आलो, मग एस.टी. मिळाली. पोटात काही नव्हतं, पण भूकही नव्हती.

गोमाच्या तिथीच्या दिवशी माझ्या अंगात ताप होता. सकाळी निघतानाच कणकण होती. तुला सांगितलं असतं तर तू त्याचा शेवट सांगू दिला नसतास, म्हणून बोललो नाही. आवाज सपाट लागला तो त्यामुळेच. तू मधेच हात वर केलास आणि म्हणालीस, "हा काय माझ्या पोराचा शेवट सांगत नाय. हा पेपर वाचतोय. उठ रं." वाडीतली सगळी माणसं बसली होती. मी उठलो. चंद्री वहिनी दारात पत्रावळ घेऊन उभी होती, ती तशीच आत गेली.

माझा अपमान झाला असं मी मुळीच धरलेलं नाही. मला खातं आहे ते दुसरंच. बाहेर मेलेल्याचा जीव घराची वाट चुकतो. म्हणून शेवटी जो जवळ होता त्याने दर वर्षी त्याच तिथीला आईच्या ओट्यावर बसून शेवट सांगायचा, आई आहे तोवर सांगायचा आणि मगच पान वाढायचं. ही आपल्या वाडीची रीत माझ्या आजोबांनीही पाळली. गोमा गेल्यापासून एकही माघ मी चुकवला नाही. यंदा माझ्यामुळे त्याचं पान वाढायचं राहिलं.

ताप उतरला आहे. तू म्हणशील त्या दिवशी येऊन पुन्हा सांगेन. मीनाकडून दोन ओळी पाठव. वाडीवर फोन लागत नाही आणि लागला तरी तू कानाला लावत नाहीस.

चांगो


अंबरनाथ, २७ मार्च २०२४

मावशी,

होळी झाली, तुझं पत्र नाही. मीनाने चार शब्द पाठवले: "आजी म्हणते, ताप आलेल्याचे डोळे मला कळतात."

सोमवारी शिवमंदिरात गेलो होतो. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलं की तिथल्या गारव्यात माणसाला खोटं पेलवत नाही. ताप नव्हता, मावशी. मी गोळी घेतली होती.

नशेची नाही. डॉक्टरांची, ब्लडप्रेशरवर देतात ती जुनीच गोळी. गोमा गेला त्या दिवसापासून माझं काय झालंय ते मी तुला कधी सांगितलं नाही. तुझं दुःख मोठं, त्यात माझं कुठे सांगायचं? कंपनीत वाफेच्या लाइनचा जोड सुटला तेव्हा जी शिट्टी झाली ती माझ्या अंगात राहिली आहे. आमच्या चाळीत संध्याकाळी घरोघरी कुकर लागतात. पहिली शिट्टी झाली की माझे हात थंड पडतात, छाती धडधडते आणि मी भिंतीला पाठ लावून बसतो. बॉयलरवर उभं राहवेना, म्हणून कंपनीने मला स्टोअरला टाकलं. शेजारच्या राजरत्नच्या आईला हे कळलं तेव्हापासून ती बाई भात पातेल्यात शिजवते. पण सगळ्या चाळीला कोण सांगणार?

शेवटी उल्हासनगरला एका डॉक्टरांकडे गेलो. केवलरमाणी त्यांचं नाव. सिंधी आहेत, आपल्याशी मराठी-हिंदी मिसळून बोलतात. मी विचारलं, नक्की बरं होईल ना? ते म्हणाले, "खात्री देणारा डॉक्टर समोरच्या गल्लीत बसतो, तिकडे जा. मी कोशिश करणार. कुणाला फरक पडतो, कुणाला नाही."

त्यांची रीत अशी. दम्याबिम्याचं विचारून, नाडी बघून गोळी द्यायची, तासभर बसवायचं, आणि मग तो दिवस पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायला लावायचा. आठवड्यातून एकदा. माघापर्यंत माझे निम्मे आठवडे झाले होते. मला वाटलं, तुझ्या ओट्यावर सांगणं हेही सांगणंच. म्हणून बदलापूरच्या स्टँडवर पाण्याबरोबर एक गोळी घेतली आणि वर आलो. त्यांना सांगितलं तेव्हा कपाळाला हात लावला त्यांनी. "चांगदेवजी, ये गोळी दर्शन को जाने के लिए नहीं है!"

तुझ्यापुढे बसलो आणि पहिल्यांदा हात कापले नाहीत. मला वाटलं, यंदा नीट सांगता येईल, सलग, तुला सगळं समजेल असं. तू मात्र माझ्या हातांकडेच बघत होतीस.

चांगो


अंबरनाथ, १२ मे २०२४

मावशी,

मीनाचं पत्र आलं. तुझं बोलणं तिने तू बोललीस तसंच लिहिलं आहे, बरं केलं. "माझा पोर इसरायची गोली घेतलीस? मंग मनापन आन एक. मी पन इसरते."

विसरलो नाही, मावशी. हे कसं सांगू तेच कळत नाही. मीना, तू पुढे नर्सिंगला जाणार म्हणतेस, तर तूच आजीला नीट फोड करून सांग. डॉक्टरांनी मला सांगितलं ते असं. माणूस घाबरतो तेव्हा अंगात एक रस सुटतो आणि छाती धडधडते. त्याचंच भावंड मेंदूत सुटतं. ते त्या घटकेच्या आठवणीवर असा शिक्का मारतं की ती पुसता पुसली जात नाही. साप दिसलेली जागा जन्मभर लक्षात राहावी म्हणून ही सोय आहे. एवढं मला पटलं. देवाने केलेली सोय आहे, म्हटलं.

पण पुढचं मला नवीन होतं. मला वाटत होतं, आठवण म्हणजे दगडावर कोरलेलं. ते म्हणाले, नाही. आठवण बाहेर काढली की ती थोडा वेळ ओली असते. त्यांच्या सासऱ्यांचं उल्हासनगरच्याच कॅम्प भागात जीन्स धुवायचं काम आहे, तिथलंच उदाहरण दिलं. "पँट भिजवली की रंग सुटतो. फिर सुखाते टाइम पाण्यात जो रंग असेल तो चढतो. तुम्ही दर वेळी आठवता, दर वेळी घाबरता, दर वेळी तो डर फिरून चढतो. गोळी त्या वेळेपुरता डर अडवते. पँट तीच राहते. याद नहीं जाएगी, डर जाएगा."

तसंच झालं. सगळ्यांना असं होत नाही म्हणाले, पण मला झालं. परवा राजरत्नच्या आईला सांगितलं, वहिनी, आता कुकर लावा खुशाल. ती म्हणाली, "एवढी वर्षं माझा गॅस जाळलात की हो भावजी! सिलेंडर कोण देणार?" आणि तोंडाला पदर लावून रडली.

शिट्टी झाली. मी जेवत होतो, जेवत राहिलो.

मावशी, माणसाने खुश व्हावं ना? मी ताट धुतलं, हरिपाठ म्हटला, दिवा मालवला आणि मला एकदम फार एकटं वाटलं. दर संध्याकाळी गोमा माझ्याकडे यायचा. भीती घेऊन यायचा, पण यायचा. आता खोलीत मी आणि पंखा.

तू मला ओट्यावरून उठवलंस ते कदाचित बरोबरच असेल.

चांगो


अंबरनाथ, १८ ऑगस्ट २०२४

मावशी,

चतुर्थी जवळ आली. चंद्री वहिनीला सांग, छपराला प्लास्टिक लागत असेल तर कंपनीतून जुनं मिळतं, धाडून देतो. इथे सगळं ठीक आहे. मंदिरात तुझ्या नावाने बेल वाहिला.

मीना, इथे थांब. आजीला म्हण, पत्र संपलं. पुढचं फक्त तुझ्यासाठी आहे.

तुला हे लिहिताना मला बरं वाटत नाही, कारण गोमा तुझा बाप. पण दुसरं कोण आहे मला?

दर माघात शेवट सांगून होतो तेव्हा तुझी आजी एकच गोष्ट विचारते, ते तू ऐकलेलं आहेस. "मना हाक मारली का?" आणि मी म्हणतो, हो मावशी, 'आये' म्हणाला. मग ती उठते आणि पान वाढते.

यंदा तिने तिथपर्यंत येऊच दिलं नाही. पण नंतर मी डॉक्टरांपुढे पुन्हा सगळं सांगितलं. आता धडधड नसते, म्हणून एक एक गोष्ट हातात घेऊन बघता येते. मी लाइनच्या अलीकडे, पंपाआड. तो पलीकडे, पाना हातात. जोड सुटला. शिट्टी. सगळं पांढरं. आणि मग गोमा 'आये' म्हणाला, असं मी सांगितलं. तर डॉक्टर सहज म्हणाले, "इतक्या आवाजात ऐकू आलं तुम्हाला?"

त्यांना काही सुचवायचं नव्हतं. पण तो प्रश्न माझ्यात रुतून बसला.

त्या शिट्टीने माझे कान गेले होते, मीना. कितीतरी दिवस भेटायला येणाऱ्यांचे नुसते ओठ हलताना दिसायचे. तुझ्या बापाला उचललं तेव्हा वाडीतल्या बायका रडत होत्या, तेही मी नुसतं बघितलं. मग त्या वाफेत एक शब्द कसा ऐकला?

धर्मेश म्हणून आमच्यात एक होता, तोही त्या शिफ्टला होता. आता विठ्ठलवाडीला राहतो. त्याच्याकडे गेलो. विचारलं, गोमा ओरडला का रे? त्याने मला चहा दिला आणि म्हणाला, "चांगदेव, मी तुझा दंड धरून तुला मागे ओढत होतो. तू माझ्या तोंडासमोर तोंड करून ओरडत होतास. मला तूच ऐकू आला नाहीस. गोमाचं काय विचारतोस, यार?"

मी पहिल्या वर्षश्राद्धाला जातो मनाने. आजीने विचारलं, हाक मारली का? मला माझी मान हललेली आठवते. तिच्यासमोर नाही म्हणणारा माणूस जन्माला यायचा आहे. दुसऱ्या वर्षी मात्र मी मान हलवली नाही, मी 'आये' म्हणून दाखवलं. तिसऱ्या वर्षी मला ते ऐकू येत होतं, गोमाच्या आवाजात, त्या शिट्टीच्या आतून. देवाशपथ ऐकू येत होतं. डॉक्टरांना विचारलं, हे गोळीने केलं का? ते म्हणाले, गोळी कुणाचा आवाज आत घालत नाही आणि काढतही नाही. आठवण ओली असताना समोरचं माणूस जे बोलतं, ते कधी कधी आत जाऊन बसतं. मग ते आपलंच होतं. त्यात लबाडी नसते, म्हणाले.

लबाडी नाही, मान्य. पण आता मला ठाऊक झालं. ठाऊक झाल्यावर पुढच्या माघात 'आये' म्हटलं तर ते खोटंच. नाही म्हटलं, तर तुझ्या आजीकडे त्या एका शब्दाशिवाय गोमाचं काय उरतं?

बोलावणं आलं, तर मी काय सांगू? तू शिकलेली आहेस. तूच सांग.

चांगोकाका


अंबरनाथ, २४ सप्टेंबर २०२४

मीना,

तुझं पत्र मिळालं. तुला नाशिकला प्रवेश मिळाला हे वाचून आधी देवापुढे साखर ठेवली, मग पुढचं वाचलं.

म्हणजे आजीने पकडलंच. मला कळायला हवं होतं. तिला वाचता येत नाही, पण कागद दिसतो. "तुझा तोंड थांबला, तुझं डोलं कुठं थांबलं? कागद अजून हाय." असं म्हटल्यावर तू काय करणार. तू सगळं वाचून दाखवलंस, त्याबद्दल माझा तुझ्यावर काडीचाही राग नाही.

पण तू पुढे लिहिलं आहेस, "काका, तुम्ही म्हणता आजीला वाचून दाखवू नकोस. मी तर वाचलंच ना? तो माझा बाप होता. मला कोण म्हणणार, वाचू नकोस?" एवढी वर्षं ओट्यावर मी तुझ्या आजीच्या तोंडाकडे बघून सांगत आलो. मागे तू भिंतीला टेकून बसलेली असायचीस, तिकडे मी बघितलंच नाही.

वाचून झाल्यावर आजी कोंबड्यांना दाणे टाकायला गेली, असं लिहितेस. तिचं न बोलणं मला ठाऊक आहे. धरणात तुमचं शेत गेलं तेव्हा ती अशीच होती.

ती बोलावणार नाही. तरी मी माघात जाणार. ओट्यावर नाही बसू दिलं तर अंगणात उभा राहीन. जेवढं खरं ठाऊक आहे तेवढंच सांगेन आणि उतरेन. गोळी घेणार नाही. तुझी परीक्षा त्याच सुमारास आहे म्हणतेस, तर तू येऊ नकोस. काय झालं ते मी तुला कळवीन.

थंडीचे कपडे ने. नाशिकला गारठा असतो.

चांगोकाका


अंबरनाथ, १९ फेब्रुवारी २०२५

मीना,

परवा वर जाऊन आलो. कबूल केलं होतं म्हणून लिहितो. काही गाळत नाही. गाळलेलं तुमच्या घरात चालत नाही.

उन्हं चढायच्या आत पोहोचलो. ओटा सारवलेला होता. खांबाजवळ दिवा, त्याच्यापुढे पळसाची पत्रावळ, रिकामी. वाडीतलं कुणी नव्हतं. आजीने कुणाला सांगितलंच नव्हतं. चंद्री वहिनी, तुझी आई, चुलीपाशी होती. तिने मला बघितलं आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

आजी बाहेर आली. किती वाकली आहे गं ती. म्हणाली, "गोली घेतलीस?"

"नाय."

"हात दाखव."

मी हात पुढे केले. कापत नव्हते. खरं सांगतो, मला वाटलं आता हाकलणार. पण ती म्हणाली, "बस."

मी सुरुवात केली. सकाळी आम्ही बरोबर गेलो, त्याने गेटवर रखवालदाराच्या टोपीवरून थट्टा केली, पाना शोधत फिरला, सगळं. दर वर्षी हे मी पळत सांगायचो, कारण पुढे शिट्टी असायची. या वेळी पळालो नाही. थट्टा सांगितली तेव्हा तुझी आई चुलीपाशी हसली, मी ऐकलं. मग जोड सुटला. मग पांढरं. आणि मी थांबलो.

म्हटलं, "मावशी, याच्यापुढं मना ठावं नाय. दिसला नाय आन आयकलाबी नाय. मी एवढी वर्षं जा सांगितला ता तू इचारलास म्हणून माझ्या डोक्यात आला. तुला नाय म्हणवला नाय."

आजी दिव्याकडे बघत होती. कोंबडी ओट्यावर चढली, तिला तिने हाताने उतरवलं. तुझ्या आईने आतून विचारलं, "आत्याबाय, पान वाढू का?"

"थांब जरा."

मी मनातल्या मनात नाम घेत होतो, तेही मधेच तुटलं.

मग ती म्हणाली, "मी कुठं व्हती तवा? मी रानात, लाकडाला. मना हाक मारून त्याला काय मिलनार व्हता? पोर पडला की जवल असंल त्याला हाक मारतो. जवल तू व्हतास." थोडं थांबून म्हणाली, "तुलाच मारली असंल."

मी म्हटलं, "मावशी, मी नाय आयकली."

"नाय आयकली तं नाय आयकली," ती म्हणाली. "त्यानं मारली असंल."

आणि उठली. पान तिने स्वतः वाढलं. भात, वालाचं कालवण, गूळ. एक गोमाचं, आणि त्याच्या शेजारी एक माझं. मी नुसता भात कालवत होतो. ती समोर बसून होती, म्हणाली, "जेव रं. मागल्या सालचा पन तुझाच हाय." मग मी जेवलो. निघताना पाया पडलो तर डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, माघात येत जा. शेवट सांगत जा म्हणाली नाही. नुसतं, येत जा.

मीना, हे एवढं मी तुला आजच्या आज का लिहितो आहे ते सांगतो.

ती 'तुलाच मारली असंल' म्हणाली तेव्हा माझी आठवण उघडी होती. नुकतीच सांगून झाली होती, ओली होती. आणि माझी छाती धडधडत होती, शिट्टीने नाही, तिच्या त्या बोलण्याने. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मला कळतं आहे. तिचं बोलणं आत गेलेलं आहे. उतरताना अर्ध्या वाटेतच मला जाणवलं, त्या पांढऱ्या वाफेत मी कान देऊन उभा आहे. आज काही ऐकू येत नाही, हे मी शुद्धीत लिहितो आहे.

पण एखाद्या वर्षी येईल. लहानपणी ओढ्यावर मारायचा तशी, 'चांग्या' म्हणून. त्याच्याच आवाजात येईल, आणि मला वाटेल, ही पहिल्यापासूनच होती. मी तुला तसं सांगू लागलो तर तू म्हण, काका, हे आजीने सांगितलेलं आहे, तुम्ही ऐकलेलं नाही. तुझ्याशिवाय हे मला सांगू शकेल असं कुणी नाही.

आणि त्या दिवशी माझ्या तोंडाकडे बघून तुला म्हणवलं नाही, तर नको म्हणूस.

पेपर कसे गेले ते कळव.

चांगोकाका